अब्बांची वही आणि अर्धा पत्ता

अब्बांनी छत्तीस वर्षं उर्दू शाळेत शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी आणलेल्या सामानात एक लांबट खतावणी होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार हिशेबाला वापरतात तशी. तिच्यात हिशेब नव्हता, शब्द होते. पानाच्या उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे तो शब्द मराठीत ज्या रूपात आला ते रूप, आणि मध्ये एक अरुंद रकाना. अर्थ तोच राहिला असेल तर रकान्यात टिंब, बदलला असेल तर फुली. 'तारीख'ला टिंब. 'वसूल'ला टिंब. 'हरकत'ला फुली, कारण उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा पोरांची आगळीक, आणि मराठीत आक्षेप. 'दप्तर'ला फुली, कारण उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी आणि आमच्या पोरांच्या दृष्टीने दप्तर म्हणजे पाठीवरचं ओझं. 'राजीनामा'ला तर दोन फुल्या. उर्दूत दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद तो राज़ीनामा, आणि मराठीत माणूस नाराज होऊन देतो तो!

ही काही नवी गोष्ट नव्हे. माधव जूलियन यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ सालीच फारशी-मराठी कोश काढला होता. अब्बांना ते माहीत होतं. त्यांची वही मात्र वर्गात पोरं जिथे अडखळतात तिथून जमा झालेली होती. आणि मधला रकाना बऱ्याच पानांवर कोराच राहिला होता.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे भावंडांनी ती माझ्याकडे देणं स्वाभाविकच होतं. पहिल्या वर्षी मी ती फक्त उघडून बंद करायची. मग टाळेबंदीत, २०२० मध्ये, शाळा बंद आणि मी घरात, तेव्हा टाइप करायला घेतली. चार हजारांच्या आसपास उर्दू शब्द झाले. दुसरीकडे शाळेत वापरायला म्हणून मी जमवलेली मराठी शब्दांची नऊ हजारांची यादी होती. मनात आलं, अब्बांच्या नजरेतून सुटलेल्या जोड्या कॉम्प्युटरला शोधता येतील का?

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या शाळेतली मुलं शिक्षिकेला आपा म्हणतात; तो पस्तिशीला आला तरी आपाच म्हणतो. त्याने फोनवर मला पायथन शिकवलं. रोज अर्धा तास, रमजानमध्ये तरावीहनंतर. पायथन मला लवकर रुचली. ती भाषा फार विचारत नाही. स्वयंपाकघरातल्या बिनलेबलच्या डब्यासारखा तिचा कारभार असतो: डब्यात आज डाळ ठेवा, उद्या साखर, डब्याला पर्वा नाही. डाळीला ठाऊक असतं की मी डाळ आहे. प्रत्येक वस्तू आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते. म्हणूनच काही लिहिताना 'हा आकडा, हा मजकूर' असं आधी जाहीर करावं लागत नाही.

दोन शब्द किती जवळचे आहेत हे मोजायची एक जुनी रीत आहे. व्लादिमिर लेवेनश्टाईन या रशियन गणितज्ञाने ती १९६५ मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, म्हणून मी दोन्हीकडचे स्वर काढून टाकले आणि नुसता सांगाडा ठेवला. उर्दू हिसाब म्हणजे ह-स-ब. मराठी हिशोब म्हणजे ह-श-ब. अंतर एक.

त्यावर माझे नियम. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरं, आणि मराठीत चौघांना मिळून एक 'ज'. हाज़िरमधला ज़्वाद आणि ज़ाहिरमधला ज़ोय, मराठीत हजर आणि जाहीर. से, सीन, स्वाद तिघांचा 'स'. ते आणि तोय यांचा 'त'. बडी हे आणि छोटी हे यांचा 'ह'. ऐन मराठीत येता येता वाटेतच गळतो. वाव आणि ये ही दोन अक्षरं तर कधी व्यंजन, कधी स्वर. त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं सातवीच्या कुठल्या वर्गाने छळलेलं नाही. एखादा नियम जरा सैल केला की काहीच्या काही जोड्या पुढे यायच्या. काफ आणि क़ाफ एक केले त्या संध्याकाळी मशीनने चंद्राची जोडी कमरेशी लावून दिली. क़मर आणि कमर.

म्हणजे रोज नियम बदलायचा आणि रोज सगळी फेरी पुन्हा चालवायची. चार हजार गुणिले नऊ हजार, ३ कोटी ६० लाख जोड्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका फेरीला वीस मिनिटं लागायची. नियम चुकला हे विसाव्या मिनिटाला कळायचं.

"आपा, मोजायचं काम सीकडे द्या," विद्यार्थी म्हणाला.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. आपण सहसा वापरतो ती पायथन स्वतःच सीमध्ये लिहिलेली आहे, म्हणजे नातं आजी-नातीचंच म्हणायचं. पण आजी कडक. सीमध्ये डब्यावर लेबल लावावंच लागतं, आणि आत काय आहे ते डब्यातल्या वस्तूला माहीत नसतं. आत फक्त बाइट. लेबल 'साखर' असेल तर ती साखर, मग आत मीठ का असेना. शिवाय सी थेट चालत नाही. ती लिहायची, कंपायलरकडे द्यायची, तो तिचं मशीनच्या भाषेत रूपांतर करून वेगळी फाइल देणार, मग ती फाइल चालवायची.

आणि माझे नियम तर रोज बदलणारे. रोज फाइल लिहा, कंपायलर बोलवा, नवी फाइल उचला. जुन्या उर्दू वर्तमानपत्रांत बातमी कातिबाकडे पाठवावी लागे. त्याने बोरूने पान लिहून दिल्याशिवाय छपाई पुढे सरकत नसे. ओळ बदलली की पुन्हा कातिब. विद्यार्थी म्हणाला, कातिबाला घरीच आणून बसवू.

या कातिबाचं नाव टीसीसी, टायनी सी कंपायलर. तो लिहिला फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी. एफएफएमपेग आणि क्यूएमू ही कामंही त्यांनीच सुरू केलेली. एकाच माणसाच्या हातून एवढं कसं होतं हे मला कोडंच आहे. टीसीसीची सुरुवात एका गमतीच्या स्पर्धेतून झाली. मुद्दाम न समजणारा सी कोड लिहायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. २००१ च्या स्पर्धेत बेलार यांनी स्वतःलाच कंपाइल करू शकणारा एक चिमुकला कंपायलर दिला, स्पर्धेच्या मोजणीप्रमाणे २,०४८ बाइटांच्या आत बसणारा, आणि ते जिंकले. त्यातून पुढे टीसीसी वाढला. २००४ मध्ये त्यांनी असं दाखवून दिलं की मशीन सुरू होता होता टीसीसी लिनक्सचं कर्नल मूळ सी मजकुरापासून कंपाइल करून पंधरा सेकंदांच्या आत चालू करू शकतो, तेही त्या काळच्या पेंटियम ४ वर. दोष सांगायचा तर त्याने तयार केलेला कोड जीसीसीच्या कोडइतका वेगवान नसतो. जीसीसी विचार करून, घासूनपुसून देतो; टीसीसी ऐकलं तसं उतरवून मोकळा होतो. मला घाईचाच कातिब हवा होता.

महत्त्वाची गोष्ट ही की टीसीसी लायब्ररीच्या रूपातही मिळतो. लिबटीसीसी. म्हणजे कंपायलर हा वेगळा प्रोग्राम न राहता दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसतो. आधी त्याच्याकडे एक नवी बैठक मागायची. त्याला सांगायचं, फाइल नको, मेमरीतच ठेव. मग सीचा मजकूर साध्या स्ट्रिंगसारखा हातात द्यायचा. तो कंपाइल करतो, मेमरीत जागा घेऊन कोड तिथे बसवतो, आणि शेवटी आपण फंक्शनचं नाव सांगितलं की त्याचा पत्ता देतो. तो पत्ता घेऊन पायथनमधून थेट हाक मारायची. पायथनच्या बाजूने हे जमवणारा दुभाषी म्हणजे सीटाइप्स. २००६ च्या २.५ आवृत्तीपासून तो पायथनबरोबरच येतो.

माझे नियम पायथनच्या यादीत राहिले. त्या यादीतून पायथनच सीचा मजकूर तयार करायची, 'हे अक्षर आणि ते अक्षर समोरासमोर आले तर खर्च शून्य, हे आले तर एक, हे आले तर अर्धा', आणि तो लिबटीसीसीला द्यायची. एका भाषेने दुसरी भाषा लिहायची, आणि ती तिथल्या तिथे चालायची. कंपाइल व्हायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

तरी पहिल्या दिवशी फेरीला साडेतीन मिनिटं लागली. वीसच्या मानाने चांगलंच, पण विद्यार्थ्याला पटेना. मी दर जोडीला पायथनमधून सीकडे जात होते. ३ कोटी ६० लाख वेळा सीमा ओलांडायची, दर वेळी नाक्यावर सामान उघडून दाखवायचं. प्रत्यक्ष कामाला वेळ लागतच नव्हता, तो नाक्यावर जात होता. मग दोन्ही याद्या एकदाच पलीकडे पाठवल्या, अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक करून, आणि फेऱ्या सीच्या अंगणातच मारायला लावल्या. बारा सेकंद. मी अम्मीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "हौ, पर चाय कब रखती?"

क्रमांक का केले तेही सांगते, कारण यावर माझे दोन दिवस गेले. यूटीएफ-८ मध्ये उर्दूचं प्रत्येक अक्षर दोन बाइट खातं आणि देवनागरीचं तीन. मराठी 'हिशोब' पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइट. उर्दू 'हिसाब' चार अक्षरांचा, आठ बाइट. सीला नुसते बाइट दिले तर तिच्या लेखी हे दोन शब्द एकमेकांचे कोणीच नव्हते.

मग लॅपटॉपचा बिजागरा तुटला आणि मी एक जुना पण त्याच्यापेक्षा बरा कॉम्प्युटर घेतला. लॅपटॉप ३२ बिटचा होता, हा ६४ बिटचा. विद्यार्थ्याने ६४ बिटची लिबटीसीसी पाठवली, मी माझा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला आणि चालवला. एक ओळ आली, सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्राम खलास. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. पायथन चुकली तर निदान सांगते, अमुक ओळीवर अमुक चूक. इथे काहीच नाही. पायथनमध्ये चूक पकडायची सोय असते, ती सगळीकडे लावून पाहिली. उपयोग शून्य, कारण चूक पायथनच्या हद्दीत होतच नव्हती. खालची जमीनच सरकत होती. तीन रात्री मी हेच करत बसले. जुन्या मशीनवर जे महिनाभर चाललं ते इथे का चालू नये?

कारण समजलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होते.

सीचा मजकूर कंपाइल होऊन लायब्ररी बनते तेव्हा डब्यांवरची लेबलं गळून जातात. लिबटीसीसीच्या फाइलमध्ये फंक्शनचं नाव उरतं आणि ते कुठे आहे ते उरतं. ते काय घेतं आणि काय परत देतं याची नोंद तिच्यात नसते. ती वेगळ्या हेडर फाइलमध्ये असते, माणसाने किंवा कंपायलरने वाचण्यासाठी. सीटाइप्स ती वाचत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर सीटाइप्स स्वतःच धरून चालतो की पलीकडून येईल तो साधा पूर्णांक असेल. इंट. चार बाइट.

नवी बैठक मागितली की लिबटीसीसी परत देते तो पूर्णांक नसतो, मेमरीतला पत्ता असतो. ३२ बिटच्या मशीनवर पत्ताही चार बाइटचा आणि इंटही चार बाइटचा, त्यामुळे चूक असूनही भागत होतं. ६४ बिटवर पत्ता आठ बाइटचा, इंट मात्र चारचाच. वरचा अर्धा भाग कापला जात होता. घर क्रमांक राहिला, गाव गेलं. तो अर्धा पत्ता घेऊन मी पुढचं फंक्शन बोलवत होते, आणि ते कुठल्या तरी परक्या गावात त्या क्रमांकाचं दार ठोठावत होतं.

उपाय दोन-दोन शब्दांचा. प्रत्येक फंक्शनला लिहून द्यायचं: हे परत देतं तो पत्ता आहे, याला द्यायचा तोही पत्ता आहे. येतानाचा प्रकार आणि जातानाचा प्रकार, दोन्ही. एकच लिहिला तर दुसऱ्या बाजूने पुन्हा कापला जातो.

हे दुरुस्त करताना मला रेल्वेच्या डब्यातल्या बायका आठवल्या. नाव सांगितल्यावर हमखास येणारं वाक्य: "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!" सोलापुरात जन्म, सोलापुरात शाळा, पोटासाठी मराठी शिकवते, आणि तरी दर वेळी आधी जाहीर करायचं. त्या बायका वाईट नसतात, डबाही उघडून देतात. त्यांनी फक्त धरून चाललेलं असतं. आणि खरं सांगायचं तर उलट बाजूनेही हे मी ऐकलंय. उर्दूच्या कार्यक्रमात कोणी तरी म्हणतंच, आपकी उर्दू में मराठी की बू आती है. बू म्हणा, खुशबू म्हणा, यायचीच. आमच्या दखनीत मराठीचा 'नको' आहे, मराठीचा 'च' आहे. अम्मी 'मैंच गई थी' म्हणते तेव्हा त्यातला 'च' कुठल्या शेजारणीकडून उसना आणलाय ते तिला सांगावं लागत नाही.

प्रोग्राम चालू झाला. मग अम्मीला घेऊन बसायला लागले.

मगरीब आणि इशाच्या मध्ये तास-दीड तास. ती पलंगावर, मी टेबलाशी. मशीन नवी जोडी पुढे करायचं, मी वाचायची, आणि अम्मी सांगायची टिंब की फुली. देवनागरी तिला वाचता येत नाही, पण मंडईत पन्नास वर्षं मराठी बोललेली बाई. अर्थाबरोबर ती आणखीही सांगायची. हा शब्द अब्बा कधी वापरायचे, कोणाला काय म्हणाले होते, कोणत्या शब्दावरून हेडमास्तरांशी वाजलं होतं. 'तकरार' म्हटल्यावर तिने सांगितलं, अब्बा वर्गात म्हणायचे, उर्दूवाला तकरार करतो म्हणजे तेच तेच बोलतो, मराठीवाला तक्रार करतो म्हणजे अर्ज लिहितो. 'ग़रज़' म्हटल्यावर म्हणाली, त्यांना कसलीच गरज नसायची, फक्त मतलब विचारायचे. हे सगळं मी शेऱ्याच्या रकान्यात टाइप करत होते. तेव्हाच तिला विसरायला व्हायला लागलं होतं. सकाळचं औषध घेतलं की नाही हे आठवायचं नाही, पण १९७४ चं आठवायचं.

त्या संध्याकाळी आमचे चाळीसच्या वर शब्द झाले होते. अम्मी रंगात होती. मध्येच म्हणाली, "तेरे मशीन को शाई नै मिली क्या? शाई बी सियाहीच है ना." खरंच की. सियाहीचा सांगाडा स-य-ह, आणि शाईमध्ये व्यंजन उरतं एकटं श. माझ्या मापाने ते दोन शब्द एकमेकांपासून लांब. मी म्हटलं थांब अम्मी, आत्ता नियम घालते. शेवटचा 'ह' गळू शकतो असा नियम लिहिला आणि फेरी चालवली.

सेगमेंटेशन फॉल्ट. काळा पडदा, एक ओळ, लुकलुकणारा कर्सर.

उत्तरं प्रोग्रामच्या मेमरीत होती. शेवटी एकदम फाइलमध्ये लिहायची असं मी ठरवलं होतं. कोणी विचारलं का असं, तर उत्तर नाही. दहावीच्या मुलांना दर पाच मिनिटांनी सेव्ह करा म्हणून ओरडणारी मी.

चूक काय होती ते विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. नियम लिहिताना माझा कीबोर्ड उर्दूवर होता, त्यामुळे सीच्या मजकुरात साध्या स्वल्पविरामाऐवजी उर्दूचा उलटा स्वल्पविराम गेला. दिसायला जवळजवळ सारखा, क्रमांक वेगळा. कंपायलरला तो कळेना. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं; कंपायलर चूक सांगतो, आपण सुधारतो. चूक ऐकून घ्यायला मी पायथनचं एक फंक्शन लिबटीसीसीकडे नेमून दिलं होतं, काही अडलं तर याला हाक मार म्हणून.

"आपा, ते फंक्शन कुठे धरून ठेवलंय?" त्याने विचारलं.

कुठेच नाही. पायथनचा नियम असा की एखाद्या वस्तूला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही की ती टाकून द्यायची. ती मोजत असते, हिला किती जणांनी धरलंय. मी ते फंक्शन तयार केलं, लिबटीसीसीच्या हातात दिलं आणि माझा हात सोडला. लिबटीसीसीने ते धरलं होतं, पण सीने धरलेला हात पायथनला दिसत नाही. तिच्या मोजणीत शून्य झालं आणि तिने ते निवांत टाकून दिलं. त्यानंतर कितीतरी दिवस काही झालं नाही, कारण नियमांत चूकच झाली नव्हती. चूक झाली त्या संध्याकाळी कंपायलर मला सांगायला गेला, आणि ऐकायला नेमलेला माणूस केव्हाच घरी गेलेला होता. सीटाइप्सच्या माहितीपुस्तकात हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. मी तो नंतर वाचला.

दुरुस्ती एका ओळीची: त्या फंक्शनला पायथनच्या बाजूने एक नाव देऊन ठेवायचं, आणि लिबटीसीसीशी काम असेपर्यंत ते नाव सोडायचं नाही. असंच एक दुसरीकडेही होतं. नियम बदलला की मी जुनी बैठक मोडायची, पण तिच्यातल्या फंक्शनचा पत्ता माझ्या एका यादीत पडून होता. बैठक मोडली की तो कोडही जातो. आमच्या गल्लीतला वाडा पाडल्यावर पोस्टमन वर्षभर त्या पत्त्याची पत्रं घेऊन यायचा आणि रिकाम्या जागेसमोर सायकल टेकवून उभा राहायचा, तसं व्हायच्या आधी तेही काढून टाकलं. आणि अम्मीचं प्रत्येक उत्तर आता त्याच क्षणी फाइलमध्ये जातं.

त्या चाळीस शब्दांसाठी मी अम्मीला पुन्हा घेऊन बसले. लगेच नाही, आठवड्याने, कारण मध्ये तिला ताप होता. टिंब आणि फुली तिने पुन्हा सांगितल्या, बहुतेक त्याच असाव्यात. शेरे मात्र आले नाहीत. 'शिकस्त'ला मी विचारलं, अब्बा काय म्हणायचे यावर? उर्दूत शिकस्त म्हणजे हार, आणि मराठीत माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. इथे ते नक्की काहीतरी म्हणाले असणार. अम्मी माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मैं बोली थी क्या?"

अकरा शेरे मला स्वतःला आठवले, ते लिहून काढले. त्या संध्याकाळी एका शब्दावर अम्मी एवढी हसली होती की तिला ठसका लागला आणि मी पाणी आणायला उठले होते. तो शब्द कोणता ते मला आठवत नाही. चाळीसही शब्द मी दोनदा वाचून पाहिले. हसण्यासारखा त्यात एकही दिसत नाही.

नवा नियम घातल्यावर मशीनला शाई सापडली. तिच्याबरोबर दीडशे चुकीच्या जोड्याही आल्या, म्हणून नियम पुन्हा काढून टाकला. परवा वही उघडली तर सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी अब्बांच्या अक्षरात सियाही आणि शाई शेजारी शेजारी होते, मध्ये टिंब. मी टाइप करताना ती ओळ सुटली होती.